'हेड क्लीनिंग' या बटणाची समीक्षा

समीक्षा पुस्तकाची होते, नाटकाची होते, क्वचित पाठ्यपुस्तकाचीही होते. यंत्रावर छापलेल्या किंवा संगणकाच्या पडद्यावर उमटणाऱ्या शब्दांची समीक्षा मात्र सहसा कोणी करत नाही. हे शब्द आपण वाचतो, त्यांवर विश्वास ठेवतो आणि सांगितले तसे करतो. अशा शब्दांपैकी 'हेड क्लीनिंग' ही एक जोडी या लेखासाठी निवडली आहे. ज्या शाळेत शाईचे थेंब उडवून छापणारा, म्हणजे इंकजेट जातीचा प्रिंटर आहे, तिथल्या संगणकावर हे बटण बहुधा सापडतेच. छपाई फिकी आली, अक्षरांमधून पांढऱ्या रेघा जाऊ लागल्या की ते दाबायचे, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु ते दाबल्यावर प्रत्यक्षात काय घडते, त्याची किंमत काय आणि काम झाले की नाही हे कोण ठरवते, हे तीन प्रश्न आपण क्वचितच विचारतो. या प्रश्नांची उत्तरे बटणाच्या नावात नाहीत. उलट त्या नावामुळे ते प्रश्नच सुचेनासे होतात, असे माझे म्हणणे आहे.

उदाहरणासाठी बीड जिल्ह्यातील पाली हे गाव डोळ्यांसमोर ठेवू. बीड शहराच्या दक्षिणेस, सोलापूर-धुळे महामार्गावर हे गाव आहे. बिंदुसरा प्रकल्पाचा जलाशय तिथून जवळच आहे. उन्हाळ्यात या भागात पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर जातो, हवा कोरडी असते आणि जलाशयाची पातळी दिवसेंदिवस उतरत जाते. याच दिवसांत शाळेला सुटी असते. प्रिंटर कार्यालयाच्या बंद खोलीत कित्येक आठवडे पडून राहतो. जूनच्या मध्यावर शाळा उघडली की शाळा सोडल्याचे दाखले, बोनाफाईड प्रमाणपत्रे, प्रवेशाचे अर्ज, याद्या असे सारे कागद एकदम हवे असतात, आणि नेमका तेव्हाच प्रिंटर रेघा सोडू लागतो. उष्ण आणि कोरड्या हवेत, अधूनमधून वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही इंकजेट प्रिंटरची हीच कहाणी आहे. ती समजून घ्यायची तर आधी त्याच्या छापणाऱ्या डोक्याकडे, म्हणजे 'हेड'कडे पाहायला हवे.

छिद्र आणि जलाशय

या हेडच्या तळाशी अतिसूक्ष्म छिद्रांच्या उभ्या रांगा असतात. एका छिद्राचा व्यास साधारणपणे २० मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरचा पन्नासावा भाग असतो. माणसाचा केस याहून तीन-चार पट जाड असतो. शाळांत आढळणाऱ्या शाईच्या टाकीच्या एका प्रचलित मालिकेत काळ्या शाईसाठी १८० आणि प्रत्येक रंगासाठी ५९ छिद्रे असतात. प्रत्येक छिद्रातून काही पिकोलिटर आकारमानाचे थेंब उडतात. एक पिकोलिटर म्हणजे एका मिलिलिटरचा अब्जावा भाग.

थेंब उडवण्याच्या दोन रीती प्रचलित आहेत. पहिल्या रीतीत छिद्रामागचा इवलासा तापक काही मायक्रोसेकंदांपुरता तापतो, शाईत वाफेचा बुडबुडा तयार होतो आणि तो पुढची शाई ढकलून देतो. कॅनन कंपनीचे इचिरो एन्डो यांना १९७७ साली ही कल्पना सुचली. शाईने भरलेल्या सिरिंजच्या सुईला तापलेली सोल्डरिंगची सळई लागली आणि सुईच्या टोकातून शाई उडाली, असे ते निरीक्षण होते. दुसऱ्या रीतीत दाबविद्युत गुणधर्माचा स्फटिकी पदार्थ वापरतात. त्याला विद्युतदाब दिला की तो किंचित वाकतो आणि शाईला धक्का देतो. एपसनचे प्रिंटर या रीतीने चालतात. पहिल्या रीतीच्या बऱ्याच यंत्रांत हेड कार्ट्रिजलाच जोडलेले असते व कार्ट्रिजबरोबर ते टाकून दिले जाते. दुसऱ्या रीतीत हेड यंत्रातच कायम असते, म्हणून ते स्वच्छ राहणे अधिक महत्त्वाचे ठरते.

आता एक सोपे गणित करू. मे महिन्यात उघड्या पात्रातील पाणी दिवसाला सुमारे १ सेंटीमीटर उतरते असे धरू. १ सेंटीमीटर म्हणजे १०,००० मायक्रॉन आणि एका दिवसाची मिनिटे १,४४०. म्हणजे पातळी मिनिटाला सुमारे ७ मायक्रॉन उतरते. जलाशयाच्या दृष्टीने हा वेग नगण्य आहे. परंतु २० मायक्रॉन खोलीच्या छिद्रातले पाणी याच वेगाने तीन मिनिटांत संपेल. प्रत्यक्षात छिद्र फारच लहान असल्याने त्याच्यावरची वाफ सर्व बाजूंना पसरू शकते, त्यामुळे वेग याहून पुष्कळच जास्त असतो. जे ऊन बिंदुसरेचा जलाशय महिनोन्‌महिने आटवत राहते, तेच उघड्या छिद्राचे काम क्षणात उरकते.

शाई बनवणाऱ्यांना हे ठाऊक असतेच. म्हणून शाईत ग्लिसरिन किंवा ग्लायकॉलच्या जातीचे, पाणी धरून ठेवणारे पदार्थ मिसळलेले असतात. यंत्र बनवणाऱ्यांनीही एक व्यवस्था केलेली असते. काम नसताना हेड एका कडेला जाऊन थांबते आणि खालून एक रबरी टोपी येऊन छिद्रांवर घट्ट बसते. दौतीला झाकण लावावे तसाच हा प्रकार आहे. मात्र हे झाकण लागण्यासाठी यंत्राला वीज हवी. छपाई चालू असताना वीज गेली, किंवा कोणी भिंतीवरचे बटण थेट बंद केले, तर हेड जिथे असेल तिथे उघडेच राहते. वीज केव्हा जाईल याचा नेम नसलेल्या गावात ही गोष्ट क्षुल्लक नाही.

शिरोरेखा आणि अनुस्वार

हेड कागदावर आडवे सरकते आणि त्यावरील छिद्रांची रांग उभी असते. त्यामुळे एक छिद्र बुजले की त्याच्या वाट्याची आडवी रेघ कोरी राहते. उत्तम प्रतीची छपाई निवडली असेल तर हेड त्याच जागेवरून पुन्हा जाते आणि एका छिद्राची उणीव दुसरे छिद्र काही अंशी भरून काढते. शाई वाचावी म्हणून आपण 'ड्राफ्ट' प्रतीची छपाई निवडतो, तेव्हा मात्र दोष उघडा पडतो.

हा दोष रोमन लिपीपेक्षा देवनागरीला अधिक बाधतो, असे मला वाटते. आपल्या अक्षरांना शिरोरेखा असते आणि ती आडवीच असते. लागोपाठची चार-पाच छिद्रे बुजली व कोरा पट्टा नेमका शिरोरेखेवर आला, तर सबंध ओळीचे डोके उडते. पट्टा थोडा वर आला तर अनुस्वार जातात. 'गंगा' या नावातला अनुस्वार गेला की कागदावर 'गगा' उरते. दाखल्यावरील नावात अशी चूक राहिली तर पुढे ती दुरुस्त करून घेण्यासाठी विद्यार्थ्याला किती खेटे घालावे लागतात हे शिक्षकांना सांगायला नको. म्हणजे बुजलेले छिद्र ही केवळ देखणेपणाची बाब नाही.

बटण दाबल्यावर

आता आपल्या बटणाकडे वळू. संगणकावरून हेड साफ करतो असे आपण म्हणतो, पण त्यात संगणकाचा वाटा किती? लिनक्स प्रणालीवर एपसनच्या प्रिंटरसाठी 'एस्कपुटिल' नावाचा एक मुक्त प्रोग्रॅम आहे. त्याची संहिता कोणालाही वाचता येते. त्यात दिसते ते असे, की संगणक प्रिंटरला आधी एका विशेष अवस्थेत जायला सांगतो आणि मग रोमन लिपीतली 'सी' आणि 'एच' ही दोन अक्षरे व त्यामागून मोजके बाइट पाठवतो. साफसफाईचा हुकूम एवढाच. पुढचे सारे यंत्राच्या आत घडते.

तिथे घडते ते असे. हेड कडेला जाते, रबरी टोपी छिद्रांवर बसते आणि टोपीला जोडलेला छोटा पंप हवा ओढू लागतो. टोपीखालील दाब कमी होतो आणि छिद्रांमधून शाई बाहेर खेचली जाते. खेचलेली शाई नळीवाटे यंत्राच्या तळाशी ठेवलेल्या शोषक पॅडमध्ये किंवा डब्यात जाते. त्यानंतर एक रबरी पाते हेडचा तळ पुसते. काही यंत्रांत शेवटी सगळ्या छिद्रांतून थोडे थेंब उडवून पाहिले जातात. एवढे झाले की पडद्यावर काम संपल्याची सूचना येते.

या वर्णनात साफ करणे म्हणावे असे काम फक्त त्या पात्याचे आहे, आणि तेही बाहेरून. ब्रश नाही, वेगळे विद्रावक नाही. शाईनेच शाई धुण्याचा हा प्रयोग आहे. या क्रियेचे खरे नाव 'शाई ओढणे' असे व्हायला हवे होते. हा माझा पहिला आक्षेप. हा शब्दांचा कीस आहे असे कोणास वाटेल. परंतु बटणावर 'शाई ओढा' असे लिहिलेले असते तर ते लागोपाठ सहा वेळा दाबण्यापूर्वी आपण थांबलो असतो. 'साफ करा' असे लिहिलेले असल्यामुळे जास्त वेळा दाबले तर जास्त साफ होईल असे वाटते. भांडे घासण्याचा आपला अनुभव तसाच असतो, पण तो इथे लागू पडत नाही.

तो का लागू पडत नाही हे समजायला थोडे भौतिकशास्त्र पुरेसे आहे. टोपीखाली सगळी छिद्रे एकत्र असतात आणि पंप त्या सगळ्यांना एकदम ओढतो. विजेच्या मंडलात समांतर जोडलेले रोध असावेत तशी ही रचना आहे. उघड्या छिद्रांतून शाई सहज वाहते. बुजलेल्या छिद्रातून जवळपास काहीच वाहत नाही. शिवाय उघड्या छिद्रांतून शाई येत राहिल्याने टोपीखालची पोकळी फारशी वाढतही नाही. वर दिलेल्या आकड्यांप्रमाणे एकूण छिद्रे ३५७ होतात. सर्व रंग एकदम ओढणाऱ्या यंत्रात एक छिद्र मोकळे करण्यासाठी ३५६ धडधाकट छिद्रांतली शाई खर्ची पडते. काळे अक्षर तुटते म्हणून पिवळी शाईही पॅडमध्ये जाते.

अडथळा हवेचा असला तर आणखी एक अडचण येते. सूक्ष्म छिद्राच्या तोंडाशी असलेला शाईचा वक्र पृष्ठभाग पृष्ठताणामुळे बराच दाब पेलू शकतो. हा दाब पृष्ठताणाच्या दुपटीला त्रिज्येने भागले की मिळतो. शाईचा पृष्ठताण ०.०३ न्यूटन प्रति मीटर आणि त्रिज्या १० मायक्रॉन धरली तर उत्तर ६,००० पास्कल येते. हा सुमारे ६० सेंटीमीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब झाला. याच दाबामुळे एरवी शाई छिद्रांतून गळत नाही, ही त्याची उपकारक बाजू. पण छिद्रात हवेचा बुडबुडा अडकला तर त्याला हलवताना हाच दाब आडवा येतो.

न विचारलेला प्रश्न

माझा दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हे बटण दाबल्यानंतर छिद्र मोकळे झाले की नाही, हे संगणकाला कळत नाही. बहुतेक घरगुती आणि कार्यालयीन प्रिंटरमध्ये छिद्रातून थेंब उडाला की नाही हे पाहणारा संवेदकच नसतो. काही मोठ्या आकाराच्या, महागड्या प्रिंटरमध्ये प्रकाशाच्या साहाय्याने थेंब टिपण्याची सोय असते. शाळेत येणारा प्रिंटर त्यांपैकी नव्हे. पडद्यावर सरकणारी पट्टी ठरलेली क्रिया कुठवर आली एवढेच सांगते. 'क्लीनिंग पूर्ण झाले' याचा अर्थ पंप फिरून थांबला, इतकाच घ्यायचा.

छिद्रे पाहण्याचे काम दुसऱ्या बटणाचे आहे. त्याचे नाव 'नोझल चेक'. ते दाबले की कागदावर बारीक रेघांची एक जाळी किंवा पायऱ्यांची नक्षी छापली जाते. तिच्यातली प्रत्येक रेघ एका ठरावीक छिद्राने काढलेली असते. रेघ गाळलेली दिसली तर ते छिद्र बुजले आहे. इथे यंत्र फक्त लिहिते. वाचणारा डोळा माणसाचा असतो. अभियांत्रिकीच्या भाषेत बोलायचे तर हुकूम, क्रिया, निरीक्षण आणि पुन्हा हुकूम हे वर्तुळ माणसाच्या डोळ्यावाचून पूर्ण होत नाही.

असे असूनही कित्येक प्रोग्रॅमच्या खिडक्यांत ही दोन बटणे शेजारी शेजारी, सारख्याच आकाराची, जणू एकमेकांशी संबंध नसल्यासारखी मांडलेली असतात. आधी तपासणी, मग गरज असेल तरच उपचार, मग पुन्हा तपासणी हा क्रम त्या मांडणीतून कळत नाही. तपासणीची नक्षी जर संपूर्ण उमटली, तर छिद्रे मोकळी आहेत. छपाईतला दोष मग दुसरीकडे शोधला पाहिजे. कागद ओलसर असेल, छपाईची प्रत चुकीची निवडली असेल, किंवा हेडची जुळणी बिघडली असेल. अशा वेळी कितीही शाई ओढली तरी उपयोग शून्य. रक्त न तपासता औषधाची मात्रा दुप्पट करणाऱ्या वैद्याला आपण दोष देतो. इथे तो वैद्य आपल्याच टेबलावर बसलेला असतो.

मात्र न्यायाची गोष्ट अशी, की यंत्राबरोबर येणाऱ्या माहितीपुस्तिकेत हा क्रम दिलेला असतो. एपसनच्या टाकीवाल्या काही प्रिंटरच्या पुस्तिकांत तर आणखी एक फार मोलाची सूचना आहे. तपासणी आणि साफसफाई आलटून पालटून तीन वेळा करूनही फरक पडला नाही, तर किमान १२ तास काहीही न छापता थांबावे आणि मग पुन्हा तपासावे. या साऱ्या मजकुरातले सर्वांत वैज्ञानिक वाक्य मला हेच वाटते. आणि तेच बटणावर नाही.

थांबण्याने काय होते? वाळलेल्या शाईची खपली भोवतालच्या ताज्या शाईत हळूहळू विरघळते व अडकलेले हवेचे सूक्ष्म बुडबुडे शाईत मुरतात. ही कामे विसरणाने होतात आणि विसरणाला घाई चालत नाही. अंतर दुप्पट झाले की वेळ चौपट लागतो. स्थिर पाण्यात शाईच्या रंगाच्या रेणूंना १ मिलिमीटर पसरायला अर्ध्या तासाच्या आसपास वेळ लागतो. २ मिलिमीटरला सुमारे दोन तास, आणि ५ मिलिमीटरला बारा तासांहून अधिक. हे ढोबळ आकडे आहेत, पण ते एक गोष्ट स्पष्ट करतात. जे काम रात्रभराच्या प्रतीक्षेने फुकटात होऊ शकते, ते आपण पाच मिनिटांत बाटलीभर शाई ओतून करू पाहतो.

इथे शाईचा प्रकारही महत्त्वाचा आहे. काही शाईंत रंग पाण्यात विरघळलेला असतो, मीठ विरघळते तसा. अशी शाई वाळली तरी ओलाव्याने पुन्हा सुटते. काही शाईंत, विशेषतः काळ्या, रंगाचे घन कण पाण्यात तरंगत ठेवलेले असतात. त्यांचा लेप एकदा वाळला की भिंतीवरच्या रंगाप्रमाणे तो सहजी सुटत नाही. म्हणून एका शाळेतला प्रिंटर थांबल्याने सुधारतो आणि दुसऱ्या शाळेतला सुधारत नाही. दोन्ही यंत्रांवरच्या बटणाचे नाव मात्र एकच असते.

किंमत कोण मोजतो

तिसरा आक्षेप खर्चाचा. बटणावर किंमत लिहिलेली नसते. २०१३ साली अमेरिकेतील 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या ग्राहकांच्या मासिकाने अधूनमधून वापरल्या जाणाऱ्या इंकजेट प्रिंटरची चाचणी घेतली. अनेक यंत्रांत निम्मी किंवा त्याहूनही कमी शाई कागदावर पोचते आणि उरलेली देखभालीत जाते, असे तिच्यात आढळले. रोज वापरणाऱ्याला हा तोटा कमी आणि क्वचित वापरणाऱ्याला जास्त. म्हणजे महिन्यातून एकदा प्रश्नपत्रिका व जूनमध्ये दाखले छापणारी खेड्यातली शाळा सर्वांत तोट्याच्या गटात येते. कार्ट्रिजऐवजी बाटलीतून भरता येणाऱ्या टाक्यांचे प्रिंटर एपसनने २०१० मध्ये इंडोनेशियात प्रथम आणले, पुढे ते आपल्याकडेही रुळले. त्यामुळे शाईची किंमत बरीच खाली आली. पण शाई स्वस्त झाली की ती वाया जाते आहे हे दिसेनासे होते, आणि ओढलेली शाई साठवणारे पॅड मात्र तेवढेच राहते.

या पॅडची गोष्ट शिक्षकांनी मुलांना अवश्य सांगावी. यंत्र प्रत्येक साफसफाईला अंदाजे किती शाई पॅडमध्ये गेली याची नोंद ठेवते. ही मोजणी ठरावीक आकड्याला पोचली की अनेक यंत्रे छापण्यास नकार देतात, कारण पॅड भरून शाई बाहेर सांडू शकते. कारण रास्त आहे. परंतु वापरणाऱ्याला पॅड सहज बदलता येत नसेल, तर एरवी सुस्थितीतले यंत्र अडून बसते. फ्रान्समध्ये २०१७ साली एका ग्राहक-संघटनेने एपसनसह चार प्रिंटर कंपन्यांविरुद्ध तक्रार केली, ती यंत्रे मुद्दाम अल्पायुषी केली जातात या आरोपाखाली. आणि तिथल्या सरकारी वकिलांनी एपसनच्या बाबतीत चौकशी सुरू केली. आरोप म्हणजे निकाल नव्हे. तरी प्रश्न योग्य आहे. अलीकडच्या कित्येक यंत्रांत वापरणाऱ्याला स्वतः बदलता येईल असा डबा असतो, यावरून दुसरी रचना शक्य होती हे दिसतेच. नवा प्रिंटर घेताना शाळेने वेगाचा आकडा विचारण्याआधी हा डबा बदलता येतो का, हे विचारावे.

म्हणजे विनाकारण दाबलेल्या प्रत्येक बटणाने दोन गोष्टी कमी होतात. शाई कमी होते, ती दिसते. यंत्राचे आयुष्य कमी होते, ते दिसत नाही.

शाळेत काय करता येईल

केवळ दोष दाखवून थांबणे शिक्षकांसाठीच्या मासिकात शोभणार नाही. या बटणाचे रूपांतर एका चांगल्या प्रयोगात करता येते आणि त्यासाठी वेगळा खर्च लागत नाही. प्रिंटरशेजारी एक वही ठेवावी. दर तपासणीला तारीख, शेवटच्या छपाईला किती दिवस झाले, खोलीचे तापमान आणि नक्षीत गाळलेल्या रेघांची संख्या लिहावी. साफसफाई केलीच तर नंतर पुन्हा रेघा मोजाव्यात. वर्षअखेरीस विद्यार्थ्यांनी पडून राहिलेले दिवस आणि बुजलेली छिद्रे यांचा आलेख काढावा. मे महिन्यातला बिंदू इतरांपासून किती दूर जातो हे पाहण्यासारखे असेल. पालीचा आलेख आणि कोकणातल्या एखाद्या शाळेचा आलेख शेजारी ठेवता आले तर भूगोलाचाही एक धडा होईल.

दुसरा प्रयोग काचपट्टीवरचा. एका पट्टीवर शाईचा थेंब, दुसरीवर शाईत थोडे ग्लिसरिन मिसळून थेंब ठेवावा. दोन्ही उन्हात ठेवून कोणता आधी वाळतो ते पाहावे. तिसऱ्या पट्टीवर विंधनविहिरीच्या पाण्याचा आणि चौथीवर ऊर्ध्वपातित पाण्याचा थेंब ठेवावा. विंधनविहिरीचा थेंब वाळल्यावर पांढरट कडे उरते. काळ्या कातळातून झिरपलेल्या जड पाण्यातले ते क्षार आहेत. असल्या पाण्याने हेडचा तळ पुसू नये हे यानंतर वेगळे सांगावे लागत नाही.

आणि उपाय म्हणाल तर अगदी साधे आहेत. आठवड्यातून एकदा सगळे रंग असलेले लहानसे पान छापावे. सुटीतही कोणी कार्यालय उघडत असेल तर त्याच्याकडे हे काम द्यावे. प्रिंटर नेहमी त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करावा, म्हणजे टोपी बसते. भिंतीवरचे बटण त्यानंतर. छापताना वीज गेली असेल तर ती आल्यावर प्रिंटर चालू करून हेड जागेवर जाऊ द्यावे. बऱ्याच यंत्रांत 'पॉवर क्लीनिंग' किंवा 'डीप क्लीनिंग' नावाचे आणखी एक बटण असते. त्यात कितीतरी अधिक शाई जाते, आणि टाकीत शाई कमी असताना ते दाबले तर नळ्यांत हवा शिरण्याचा धोका असतो. ते अगदी शेवटी, पुस्तिका वाचूनच वापरावे.

मजकूर बदलणे आपल्या हातात नाही, पण त्याच्याशेजारी आपला मजकूर लावणे आहे. प्रिंटरवर मराठीत चार ओळींची पट्टी चिकटवावी. पहिली ओळ: आधी तपासणीचे पान छापा आणि रेघा मोजा. दुसरी: रेघा पूर्ण असतील तर साफसफाई करू नका. तिसरी: तुटलेल्या असतील तर एकदा शाई ओढा आणि पुन्हा मोजा. चौथी: तीनदा करूनही सुधारणा नसेल तर उद्यापर्यंत थांबा. प्रयोगशाळेत आम्ही कोणत्याही उपकरणाबाबत पाळतो तो नियम यापेक्षा वेगळा नाही. विद्यार्थ्याने तो शाळेच्या कार्यालयातल्या प्रिंटरपाशी शिकला, तर पुढे कोणत्याही यंत्रावरचे बटण दाबण्यापूर्वी तो नक्षी आधी मागेल.